हो, नाही आणि गप्प

आपल्या मराठीत ‘बघू’ हा एक फार सोयीचा शब्द आहे. वर्गणी मागायला आलेल्या मंडळींना तो चालतो, सुट्टीत गावी येण्याचा आग्रह करणाऱ्या मावशीला चालतो आणि सायकल मागणाऱ्या मुलाला तर तो रोज चालतो. ‘बघू’ म्हणजे हो नव्हे, तसेच नाहीही नव्हे. ऐकणारा मात्र आपल्या सोयीप्रमाणे त्याचा अर्थ लावून मोकळा होतो. मावशी पापड जास्तीचे लाटून ठेवते, मुलगा मित्रांना सांगून येतो की सायकल येणार आहे. आणि ज्याने ‘बघू’ म्हटलेले असते तो बिचारा अजून बघतच असतो!

माझा जन्म मात्र अशा चिजांच्या सहवासात गेला की ज्यांना ‘बघू’ ठाऊकच नाही. एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. शिकवले म्हणजे काय, तर काळ्या रंगाच्या, झुरळाएवढ्या, दोन्ही बाजूंना सात सात पाय असलेल्या चिपा मुलांच्या हाती द्यायच्या आणि त्यांच्याकडून हिशेब करवून घ्यायचा. १९६०च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने त्यांचे एक मोठे कुटुंब बाजारात आणले. त्या घराण्यातल्या थोरलीचा क्रमांक ७४००. चौदा पायांपैकी सातव्या पायाला जमीन द्यायची, चौदाव्याला पाच व्होल्ट द्यायचे, की बाकीचे बारा पाय बोलू लागतात. बोलतात म्हणजे दोनच शब्द: एक आणि शून्य. तुमच्या आमच्या भाषेत, हो आणि नाही.

या दोन शब्दांवर सगळा संसार उभा करता येतो, हे प्रथम ज्याला पुरते उमगले तो जॉर्ज बूल नावाचा इंग्रज गणिती. त्याचा विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ १८५४ साली निघाला. त्याच्या हयातीत त्या गणिताचा दिवाबत्तीला उपयोग नव्हता. १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या बटणांची जाळी नेमकी याच गणिताने मांडता येते. तिथून पुढचे आपण सगळे पाहतोच आहोत. आज खिशातल्या फोनमध्ये जे चालले आहे ते अखेर हो आणि नाही यांचेच अतिशय घाईचे संभाषण आहे.

या बूलसाहेबांपेक्षा मला त्यांच्या बायकोचे कौतुक अधिक. मेरी एव्हरेस्ट बूल तिचे नाव. आडनावावरून ओळखलेत ना? हिंदुस्थानची मोजणी करणारे जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले, ते तिचे काका. नवरा १८६४ साली वारल्यावर पाच मुली पदरात असलेल्या या बाईने लहान मुलांना गणित शिकवण्याच्या नाना युक्त्या काढल्या. त्यांतली एक अशी: जाड कागदाला भोके पाडायची आणि सुई-दोऱ्याने सरळ सरळ टाके घालायचे. टाके सगळे सरळ, पण पुरे झाले की डोळ्यांसमोर एक सुरेख वाक उभा राहतो! सुई हे गणिताचे अवजार आहे हे मला तिच्यामुळे कळले. त्या सुईची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून ही ओळख करून ठेवली.

तर या चिपांना हो आणि नाही कळते ते व्होल्टवरून. त्यांच्या पायावर ०.८ व्होल्टपेक्षा कमी असेल तर ती ‘नाही’ समजते आणि २ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर ‘हो’. मधल्या जागेत काय? मधली जागा ही नियमाप्रमाणे कोणाचीच नव्हे. दोन गावांच्या शिवेवरच्या ओढ्यासारखी ती आहे. तिथे कोणी राहू नये अशी अपेक्षा. पण अपेक्षा ही शेवटी अपेक्षाच. तार तुटली, डाख सुटला, कोणी पाय जोडायचाच विसरला, की तो पाय नेमका या ओढ्यात जाऊन उभा राहतो. मोजून पाहिले तर दीड व्होल्टाच्या आसपास. त्याला कोणी हो सांगितलेले नाही, कोणी नाही सांगितलेले नाही. तो अधांतरी आहे.

आणि इथे या घराण्याचा एक स्वभावदोष आहे, जो दर वर्षी मी फळ्यावर लिहीत आले. अधांतरी पायाला ही चिप गप्प म्हणत नाही. ती त्याला ‘हो’ समजते! कोणी काही बोलले नाही ना, मग होकारच आहे, असे धरून ती पुढचे काम सुरू करते. मुले मोठ्या उत्साहाने जोडणी करायची, दोन पाय विसरायची, आणि तरीही दिवा लागायचा. “बाई, लागला!” अशी आरोळी उठायची. मी म्हणायची, “लागला खरा, पण कोणाच्या सांगण्यावरून लागला ते आधी सांगा.” मग आरोळी विरायची आणि शोध सुरू व्हायचा.

असा शोध घेण्यासाठी एक अवजार असते. त्याला लॉजिक प्रोब म्हणतात. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत काम करणाऱ्या गॅरी गॉर्डन या इंजिनिअराने १९६८ साली ते शोधून काढले. जाडजूड पेनासारखी कांडी, पुढे टोक, मागे दोन तारा. तारा चालत्या पाटीच्या विजेला जोडायच्या आणि टोक हव्या त्या पायावर टेकवायचे. कांडीवरचा दिवा सांगतो की तिथे हो आहे की नाही. व्होल्ट मोजणारे मीटर आकडे सांगते. ही कांडी अर्थ सांगते. वैद्याने थर्मामीटर लावणे आणि कपाळावर हात ठेवणे यांत जो फरक आहे, तसाच काहीसा.

बाजारात ती तयार मिळते. मग मी ती घरी का केली? याचे उत्तर सांगलीला आहे.

सांगलीला माझा थोरला भाऊ राहतो. त्याला आम्ही दादा म्हणतो आणि अर्धे गावही दादाच म्हणते. घराची पुढची खोली म्हणजे त्याचे दुकान. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, आणि गेली तीसेक वर्षे कारखान्यांतल्या यंत्रांच्या नियंत्रणाच्या पाट्या. कुपवाडच्या एमआयडीसीतून, इचलकरंजीहून लोक पिशवीत पाटी घालून येतात. यंत्र जुने, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, नवी पाटी मिळत नाही. अशा वेळी दादा हाच एक इलाज. पाटीवर बहुधा माझ्याच ओळखीची ती काळी झुरळे असतात. दादा शाळेत मॅट्रिकच्या पुढे गेला नाही. मी पदविका घेतली, त्याच्याच पैशांनी घेतली. पण पाटीवर बोट ठेवून “इथं दुखतंय” म्हणण्याची त्याची हातोटी मला पुस्तकांतून कधी आली नाही.

या दादाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली सांभाळायची, एवढेच हाती असते. आणि तो चोर असा, की पुढच्या दाराने येत नाही. आधी बाजूचे दिसणे नेतो. दादाला समोरचे दिसे, चिपेचा पायही दिसे. पण त्या पायाच्या चार बोटे पलीकडे काय आहे ते दिसेना. नळीतून पाहावे तसे झाले.

आता ज्याला हे काम ठाऊक नाही त्याला वाटेल, पाय दिसतो ना, मग झाले! पण या चिपेचे दोन पाय एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असतात. टोक एका पायावर धरायचे, आणि मीटर बाजूला ठेवलेले असते तिकडे बघायचे. धडधाकट माणूस मान न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून काटा पाहतो. दादाला कोपराच उरला नव्हता. मीटर पाहायला मान वळवली की हात तसूभर सरके, टोक दोन पायांच्या मध्ये पडे, आणि एखादी धडकी चिप त्याच्या डोळ्यांदेखत, नव्हे, डोळ्यांआड मरे. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा त्याने गिऱ्हाईकाला चिपेचे पैसे परत दिले, सोल्डरिंग आयर्न थंड होऊ दिले आणि दुकानाची फळी लावली.

हे मला वहिनींनी फोनवर सांगितले. पुढे त्या म्हणाल्या, “मुलं म्हणतात पुढची खोली भाड्यानं देऊ. मोबाइलवाला विचारतोय. यांना विचारलं जेवताना. काही बोलले नाहीत. मग मुलांनी त्याला हो म्हणून टाकलंय.”

“काही बोलले नाहीत म्हणजे?” मी विचारले.

“काही नाही. ताक घेतलं आणि उठले.”

दोन्ही भाचे गुणी आहेत, बापावर माया करणारे आहेत. बापाने उतारवयात डोळे शिणवू नयेत एवढाच त्यांचा हेतू. पण फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तो जुना फळा उभा राहिला. अधांतरी पायाला हो समजणारी चिप मी अठ्ठावीस वर्षे शिकवली होती. ती जेवणाच्या पानावरही असते हे त्या दिवशी दिसले.

मी मध्ये पडून भाच्यांना चार गोष्टी सुनावू शकले असते. आत्याला तेवढा अधिकार असतो. पण दादाच्या मनात काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होते? कदाचित त्याला खरेच सुटका हवी असेल. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणारी आणखी एक व्यक्ती त्या घरात कशाला? मात्र एक गोष्ट माझ्या हातची होती. डोळ्यांनी पाहावे लागते म्हणून जे काम सुटले, ते कानांनी करता आले तर? मग निदान ‘जमत नाही’ हे कारण तरी मधून निघून जाईल, आणि जे उरेल ते त्याच्या मनातले असेल. भाऊबीज दीड महिन्यावर आली होती. वर्ष २०२३.

आवाज करणाऱ्या कांड्याही दुकानात मिळतात. पण दादाला तयार वस्तू दिली की तो आधी ती उघडतो, आतले काम पाहून नाक मुरडतो आणि कपाटात ठेवतो. आपल्या हातची असली तर निदान नाक मुरडण्यापूर्वी तो विचार करील, असा माझा हिशेब!

पुण्यात अशा खरेदीला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीवाचून गती नाही. तपकिरीचा वास तिथे आता नाही. आहे तो तारांचा आणि प्लास्टिकचा. काउंटरवरचा मुलगा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाला, “नातवाच्या प्रोजेक्टला का आजी?” मी म्हटले, “नाही, भावाच्या.” त्याने दिलेला माल सगळा मुठीत मावला: दोन चिपा, मूठभर रेझिस्टर, चार कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर, रुपयाएवढा स्पीकर आणि भोकांची पाटी, जिला तिथे झिरो पीसीबी म्हणतात.

या अवजाराचे पोट कसे चालते ते थोडक्यात सांगते. विजेचे नाव काढताच पान उलटणाऱ्यांनी दोन परिच्छेद धीर धरावा. तराजू ज्याला कळतो त्याला हे कळते. एलएम ३९३ नावाची चिप म्हणजे दोन तराजू. प्रत्येक तराजू दोन व्होल्ट तोलून कोणते जड ते सांगतो. एका तराजूच्या पारड्यात मापाचे वजन ठेवायचे २ व्होल्ट आणि दुसऱ्याच्या ०.८ व्होल्ट. ही मापे कुठून आणायची? पाच व्होल्टांपासून जमिनीपर्यंत तीन रेझिस्टर एकाखाली एक लावायचे: वर ३ किलोओहम, मध्ये १.२ किलोओहम, खाली ८२० ओहम. त्यांच्या दोन सांध्यांवर ही दोन मापे आयती मिळतात. टोकाकडून येणारी वीज पहिल्या तराजूत २ पेक्षा जड ठरली तर ‘हो’, दुसऱ्यात ०.८ पेक्षा हलकी ठरली तर ‘नाही’.

हो आणि नाही यांना आवाज द्यायचे काम ५५६ या चिपेचे. ही ५५५ची जुळी. हान्स कामेंझिंड या स्विस माणसाने १९७१ साली रचलेली ५५५ ही आमच्या धंद्यातली पाटा-वरवंटा आहे. तिच्यावाचून कोणाचे घर चालत नाही. जुळ्यांपैकी एकीला मी सेकंदाला सुमारे ९९० कंपनांचा सूर दिला, दुसरीला सुमारे ३२०चा. हो म्हणजे बारीक, उंच, किलकिल करणारा. नाही म्हणजे भुंग्यासारखा घोगरा. दोहोंत इतके अंतर ठेवले, की रस्त्यावरून ट्रक गेला तरी गल्लत होऊ नये.

आता राहिली तिसरी अवस्था, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. टोक हवेत असताना, किंवा तुटक्या पायावर टेकले असताना, या अवजाराने काय म्हणावे? काहीच म्हणू नये. पण गप्प बसणे आपोआप येत नाही. टोक मोकळे सोडले तर तेही भरकटते, आसपासच्या तारांची कुजबुज ऐकून भलतेसलते बोलते. त्याला मधल्या जागेत धरून ठेवावे लागते. त्यासाठी टोकाला दोन फार मोठे रेझिस्टर लावले, वर १.२ मेगओहम आणि खाली ४७० किलोओहम. यांनी टोक १.४ व्होल्टावर, बरोबर त्या ओढ्यात, हलक्या हाताने धरून ठेवले जाते. हात इतका हलका, की खरोखरीचा हो किंवा नाही भेटला तर तो टोकाला सहज आपल्याकडे ओढून नेतो. कोणी भेटले नाही तर टोक मधेच राहते आणि दोन्ही जुळ्या गप्प. साऱ्या जोडणीत मला अधिक विचार करावा लागला तो बोलण्यासाठी नव्हे, या गप्प बसण्यासाठी.

शिवाय एक ‘टक्’ ठेवला. कधी कधी पायावर सेकंदाच्या लाखाव्या भागापुरताच हो येऊन जातो. एवढ्यात कानाला काय कळणार? म्हणून एक सुटी ५५५ शेजारच्या दुकानातून आणली. तिच्या गळ्यात शंभर किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बांधला, की ती असा निसटता ठोका पकडून सेकंदाच्या नवव्या भागाइतका लांबवते. त्याहून फार चपळ ठोके माझ्या तराजूंना पकडता येत नाहीत. दादाच्या जुन्या पाट्यांना एवढे पुरते.

टोकासाठी मी गोधडी शिवायची दाभण घेतली. आईची होती. तिच्या नेढ्याला कानसून, राळ लावून तारेचा डाख दिला आणि जाड पेनाच्या नळीत ती बसवली. टोकाला जरा धार केली, म्हणजे चकचकीत पायावरून ती घसरू नये. पाटी आणि स्पीकर साबणाच्या डबीत. मेरीबाई बूल असत्या तर त्यांना सुईचा हा वापर आवडला असता.

झाले एवढ्याने अवजार तयार होत नाही. जे दुसऱ्याची परीक्षा घेणार त्याची परीक्षा कोणी घ्यायची? मी व्होल्ट हळूहळू वाढवत नेण्याचे एक साधे कान पिळायचे बटण जोडले, शेजारी मीटर ठेवले आणि शून्यापासून वर चढत गेले. घोगरा सूर, घोगरा सूर, ०.८च्या जरा पुढे तो थांबला. मग शांतता. २च्या काट्याला किलकिल सुरू झाली. पुन्हा खाली आले: किलकिल, शांतता, भुंगा. असे वीस वेळा. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, “काय हो, पोपट पाळलात की काय?” मी म्हटले, “हो, पण हा शिकवलेलं बोलत नाही. असेल तेच बोलतो.”

भाऊबीजेला एसटीने सांगलीला गेले. ओवाळले. तबकात दादाने पाकीट टाकले आणि मी त्याच्या हातात साबणाची डबी ठेवली. त्याने ती कानाशी धरून हलवली. मग माझ्या अंदाजाप्रमाणे उघडली. डाखांवरून बोट फिरवले. डोळ्यांपेक्षा बोटाने जास्त पाहिले. “राळ पुसली नाहीस नीट,” म्हणाला. मी गप्प. मग तो उठला आणि महिन्यांपूर्वी लावलेली फळी स्वतः काढून पुढच्या खोलीत गेला. मागोमाग धाकटा भाचा बॅटरी घेऊन गेला, कारण तिथला दिवा गेलेला होता.

दादाने तारा पाच व्होल्टांना जोडल्या. दाभण पाच व्होल्टांच्या तारेला लावली: किलकिल. जमिनीच्या तारेला लावली: भुंगा. मग त्याने ती उचलून हवेत धरली आणि धरूनच ठेवली. एक मिनिट, दोन मिनिटे. मला वाटले, हात दुखेल. तो म्हणाला, “बोलत नाही.”

“नाही बोलत.”

“ठाऊक नाही तिथं बोलत नाही. ठीक.” त्याच्याकडून याहून मोठे प्रशस्तिपत्रक आजवर कोणाला मिळालेले मला माहीत नाही.

टेबलाखाली एक पाटी तशीच पडून होती. कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यातल्या दाबयंत्राची. तक्रार अशी, की यंत्राचे जाळीचे दार उघडे असले तरी यंत्र सुरू होते. दार लागल्याखेरीज यंत्र चालू नये म्हणून तर ते दार. आत कामगाराचा हात असतो. मालक शहाणा, त्याने दोष दिसताच यंत्र बंद ठेवले होते आणि दादाने फळी लावल्यामुळे पाटी परत न्यायला तो येणारच होता. दादाने पाटीला वीज दिली. दाराच्या बटणाऐवजी एक तार लावून ‘दार उघडे’ असे तिला भासवले. मग मान खाली घालून, दोन्ही डोळे सुईच्या टोकावर ठेवून, तो एकेक पाय ऐकत निघाला. मी इतक्या वर्षांत लॉजिक प्रोब डोळ्यांनी वापरणारे हजार विद्यार्थी पाहिले. मान न वर करता वापरणारा हा पहिला.

दाराकडून येणाऱ्या सांध्यावर भुंगा वाजला. म्हणजे दार उघडे आहे ही खबर पाटीत आलेली आहे. पुढच्या तांब्याच्या रेषेवर भुंगा. त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला, चिपेच्या पायावर दाभण टेकली, आणि काहीच वाजले नाही. दादाने दाभण उचलली, पुन्हा टेकवली. शांतता. बॅटरी जवळ आणायला सांगून त्याने भिंगातून पाहिले. पायाभोवतीच्या डाखाला केसाएवढी चीर गेली होती. नुसत्या नजरेला डाख चांगला तुकतुकीत.

“बघ,” तो भाच्याला म्हणाला, “दार उघडं आहे हे ओरडून सांगतायत, पण ह्या पायापर्यंत काही पोचतच नाही. ह्याला कोणी काही सांगितलेलंच नाही. आणि हे गाढव काय करतं? कोणी नाही म्हणालं नाही ना, मग होच आहे, असं धरून यंत्र चालू करतं. एखाद्याची बोटं गेली असती.”

भाचा काही बोलला नाही. त्याने बॅटरी धरून ठेवली. दादाने डाख वितळवून पुन्हा दिला, दाभण टेकवली, भुंगा वाजला. खोलीत तेवढाच आवाज होता.

रात्री जेवणे झाल्यावर भाचा बापापाशी जाऊन बसला. मी आणि वहिनी करंज्यांचा डबा भरत होतो, पण कान तिकडेच होते. त्याने सरळ विचारले, “बाबा, पुढची खोली भाड्यानं द्यायची का? तुम्हांला काय वाटतं ते सांगा. आम्ही अजून पैसे घेतलेले नाहीत.”

दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “मोबाइलवाल्याला शब्द दिलाय ना तुम्ही?”

“दिलाय. पण परत घेता येईल.”

“शब्द परत घेऊ नका. खोली मोठी आहे. मधे फळ्यांचा आडोसा घाला. रस्त्याकडचं त्याला द्या. मला खिडकीकडचं टेबल पुरे. सगळी खोली द्यायची असेल तर मात्र माझं नाही आहे.”

“हे तेव्हाच बोलला असता तर!” वहिनी आतून म्हणाल्या.

“तेव्हा मला माझंच कळलं नव्हतं,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. वहिनींनी करंजीचा डबा बंद केला आणि त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावला नाही.

आडोसा झाला. मोबाइलवाला मुलगा चांगला निघाला. त्याच्याकडे आलेले म्हातारे आडोशापलीकडचा भुंगा ऐकून दचकतात, तेव्हा तो त्यांना समजावून सांगतो. दादा आता आठवड्याला एक-दोनच पाट्या घेतो, सकाळच्या उजेडात करतो आणि डोळ्यांत वेळेवर थेंब घालतो. काचबिंदू आहे तिथेच आहे. दाभणीने तो बरा होणार नव्हता आणि तसे कोणी समजतही नाही.

घरी मुले असतील आणि त्यांना विजेच्या खेळांची ओढ असेल, तर या सुट्टीत त्यांना हे अवजार करू द्या. पाच व्होल्टांच्या खेळात धोका नाही. भिंतीतल्या विजेच्या वाटेला मात्र त्यांनी जाऊ नये. टोकाला दाभणच हवी असे नाही. पण ते दोन मोठे रेझिस्टर गाळू देऊ नका. मुले म्हणतील, त्यांच्यावाचूनही आवाज येतो. येतो, आणि तीच तर अडचण आहे.

परवा दादाचा फोन आला. ख्याली-खुशाली काही नाही. म्हणाला, “अगं, तो टक् फार बारीक येतो. आडोशापलीकडं गाणी लावतात. जरा मोठा कर. आणि ह्या वेळी राळ पुस.”